मॅन्युअल आणि एसओपी लिहिताय? या चुका टाळा

मशीनचं मॅन्युअल, कारखान्यातली एसओपी (काम कसं करायचं याच्या ठरलेल्या पायऱ्यांचा कागद), फवारणीच्या औषधाबरोबरचं पत्रक, एखाद्या ॲपची मदत-पानं. दिसायला वेगवेगळं असलं तरी हे सगळं लिखाण एकाच कारणासाठी असतं. वाचणाऱ्याला काहीतरी करायचं असतं आणि ते त्याला नीट, न अडखळता, इजा न होता करता यावं लागतं. तो निवांत वाचायला बसलेला नसतो. हाताला ग्रीस लागलेलं असतं, लाइन बंद पडलेली असते, मागे सुपरवायझर उभा असतो. अशा माणसासाठी आपण लिहितोय हे डोक्यात पक्कं नसलं की खालच्या सगळ्या चुका होतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागातल्या लहान-मोठ्या कारखान्यांसाठी मी हे काम करते, नव्या मुलामुलींचे मसुदेही तपासते. त्याच त्या चुका खोडून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

इशारा कामानंतर लिहिणं

माझ्या मते ही सगळ्यात वाईट चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही हीच.

एका प्रेस शॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसच्या वरच्या डायमधला, म्हणजे साच्यातला, तुटलेला पंच (दाबून भोक किंवा आकार पाडणारा भाग) बदलण्याची एसओपी होती. लॅमिनेट करून मशीनलाच लावलेली, वर कंपनीचा लोगो, खाली तीन सह्या. पायऱ्या अशा: रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग) पूर्ण वर घ्या. पंच रिटेनरचे बोल्ट ढिले करा. जुना पंच काढा. नवीन पंच बसवा. बोल्ट घट्ट करा. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात: ‘टीप: मेन स्विच बंद करून कुलूप लावल्याशिवाय व रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवल्याशिवाय डायमध्ये हात घालू नये.’

रात्रपाळीला एक नवीन फिटर होता. त्याने एसओपी जशी वाचायची तशीच वाचली: एक पायरी वाचली, केली, मग पुढची. रॅम वर घेतला, बोल्टला हात घातला. ॲलन की चुकीच्या मापाची निघाली म्हणून तो टूल कपाटाकडे गेला. परत आला तर रॅम चांगला वीतभर खाली आलेला. व्हॉल्व्हची सीट झिजली होती, तेल हळूहळू निसटत होतं, आणि रॅम स्वतःच्या वजनाने आवाज न करता उतरत होता. माप बरोबर निघालं असतं तर त्या वेळी त्याचे दोन्ही हात आत असते.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा पहिलं वाक्य ऐकलं ते हे: ‘टीप लिहिलीय ना मॅडम, त्याने वाचली नाही.’ हे मला अजिबात मान्य नाही. त्याने अगदी नियमाने वाचलं. दुसऱ्या पायरीवर असलेल्या माणसाला सहाव्या ओळीतला धोका माहीत असावा ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि माहिती कागदावर होती म्हणून लिहिणारा सुटत नाही. ती वेळेवर हाताशी नसेल तर नसल्यात जमा.

आम्ही ती एसओपी पुन्हा लिहिली. रॅम वर घेणं ही पहिली पायरी, सेफ्टी ब्लॉक ठेवणं दुसरी, रॅम ब्लॉकवर टेकवणं तिसरी, स्विच बंद करून कुलूप लावणं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं चौथी. बोल्टचा विषय त्यानंतर. टीप गेली, तिच्या जागी नंबर घातलेल्या पायऱ्या आल्या, कारण ते करायचं काम होतं आणि कामाला नंबर लागतो.

माझी सवय अशी की पायऱ्या लिहायच्या आधी मी वेगळ्या कागदावर फक्त धोके लिहिते. हात कुठे अडकेल, काय भाजेल, काय पडेल, कुठे करंट असेल, काय अचानक सुरू होईल. मग प्रत्येक धोका त्याच्या पायरीच्या वर नेऊन बसवते. यादीतला एखादा उरला की समजायचं, एखादी पायरी लिहायची राहिली आहे.

याच चुकीचं दुसरं टोक म्हणजे सगळीकडे ‘सावधान’ लिहिणं. अमेरिकन एएनएसआय झेड535 या मानकांनी शब्दांच्या पातळ्या ठरवून दिल्या आहेत. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे ‘डेंजर’, होऊ शकत असेल तिथे ‘वॉर्निंग’, किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी ‘कॉशन’, आणि माणसाला इजा नाही पण वस्तूचं नुकसान आहे तिथे ‘नोटीस’. मराठीत तुम्ही धोका, इशारा, सावधान, सूचना असे शब्द घ्या किंवा दुसरे घ्या, पण पूर्ण मॅन्युअलमध्ये पातळ्या सांभाळा. ‘स्क्रीन कोरड्या फडक्याने पुसा’ यालाही लाल त्रिकोण लावलात, तर हाय व्होल्टेजचा त्रिकोण येईपर्यंत वाचणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं.

वाचणाऱ्याच्या मापात न लिहिणं

कीटकनाशकाचं पत्रक उघडून बघा. ‘प्रति हेक्टर 250 मिली, 500 लिटर पाण्यात.’ शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक. आता ज्याला फवारायचंय त्याच्याकडे बघा. त्याची जमीन एकरात, पाठीवरचा पंप 16 लिटरचा आणि मोजायला बाटलीचं टोपण. हेक्टर त्याच्या शेतात कुठेच नाही. मग तो दुकानदाराला विचारतो, दुकानदार म्हणतो ‘पंपाला दोन टोपणं टाका’, आणि तिथेच पत्रकाचं काम संपतं. टोपण केवढं, कोणत्या बाटलीचं, कोणी सांगायचं?

हिशेब अवघड नाही. 500 लिटरला 250 मिली म्हणजे लिटरला अर्धा मिली, म्हणजे 16 लिटरच्या पंपाला 8 मिली. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, त्यामुळे एकराला साधारण 200 लिटर पाणी आणि 100 मिली औषध, म्हणजे 12 ते 13 पंप. हा हिशेब टेबलावर बसून लिहिणाऱ्याने एकदा करायचा असतो. आपण तो शेतात उन्हात उभ्या असलेल्या माणसावर टाकतो आणि वर तो चुकला म्हणून त्याला नावं ठेवतो.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्याची कारणं बरीच होती: औषधांची मिश्रणं, डोक्याइतकी वाढलेली कपाशी, मास्क-हातमोज्यांशिवायची फवारणी. सगळा दोष पत्रकावर टाकता येणार नाही. पण बारीक टायपातल्या, घडीवर घडी घातलेल्या पत्रकाकडून मदत किती होणार हे मात्र प्रत्येक लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावं. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचंच घ्या. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे ‘काही होत नाही’ असं समजणारे कितीतरी जण मला भेटलेत. तो कमी विषारी असतो, बिनविषारी नाही, आणि हे एक वाक्य ठळक छापायला जागा नक्की निघते.

एककाची चूक शिकलेल्या, तयार लोकांकडूनही होते. 23 जुलै 1983 ला एअर कॅनडाच्या बोईंग 767 चं इंधन 41,000 फुटांवर संपलं. इंधनाचं मीटर बिघडलं होतं म्हणून हिशेब हाताने केला होता. त्यात वापरलेला 1.77 हा आकडा लिटरमागे पौंडांचा होता, विमानाला इंधन हवं होतं किलोत. हवं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. वैमानिकांनी ते इंजिनाशिवाय तरंगत गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि 69 जण वाचले. म्हणून माझ्या मसुद्यात एकही आकडा एककाशिवाय राहत नाही. तक्त्यात वर एकदा ‘सर्व मापे मिमी’ लिहून मी मोकळी होत नाही, कारण लोक तक्त्याचा तेवढाच भाग मोबाइलवर फोटो काढून नेतात.

आणखी काही चुका, थोडक्यात

‘व्हॉल्व्ह बंद करण्यात यावा.’ कोणी? ‘व्हॉल्व्ह बंद करा’ म्हणा.

एका वाक्यात तीन कामं. विमानांच्या देखभालीसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाची नियमावली आहे. तिच्यात सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं आणि एका वाक्यात शक्यतो एकच काम. मराठीलाही हे जसंच्या तसं चालतं.

तिसऱ्या पानावर नॉब, पाचव्यावर बटण, नवव्यावर कंट्रोल, आणि तिन्ही एकच. शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द पुन्हा नको असं शिकवतात. इथे तोच शब्द पुन्हा हवा.

‘योग्य प्रमाणात’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘वेळोवेळी’, ‘व्यवस्थित घट्ट’. हे शब्द दिसले की समजायचं, लिहिणाऱ्याने इंजिनिअरला विचारायचा कंटाळा केला. किती न्यूटन-मीटर, किती मिली, किती तासांनी ते विचारून आणा.

पायरी झाल्यावर काय दिसलं पाहिजे ते न सांगणं. ‘पंपात पाणी भरा’ एवढं पुरत नाही. ‘बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भरा’ म्हटलं की माणसाला काम झाल्याचं स्वतःला कळतं.

बिघाडाचा तक्ता भागांच्या नावाने लावणं. इम्पेलर, सील, फुटव्हॉल्व्ह अशी यादी दुरुस्ती करणाऱ्यासाठी ठीक आहे, पण शेतकऱ्याला फक्त एवढंच माहीत असतं की मोटर चालतेय आणि पाणी येत नाही. मग तक्त्यातली पहिली ओळ तीच हवी, आणि पुढे कारणं सोप्यापासून अवघडाकडे. पंपात हवा धरली आहे का? सक्शन पाइपच्या जोडातून हवा ओढतेय का? फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का? थ्री फेज मोटर उलटी फिरतेय का? उलटी फिरत असेल तर सप्लाय बंद करून वायरमनकडून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करून घ्यायच्या. पंप उघडायची भाषा या सगळ्यानंतर.

जुनं मॅन्युअल उचलणं आणि घाई

नव्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं सॉफ्टवेअर शिकू? फ्रेममेकर, मॅडकॅप फ्लेअर, मार्कडाउन, काहीही शिका. थोड्या सरावाने येतं. मशीनसमोर उभं राहून बघायला मात्र ही मंडळी तयार नसतात. मागच्या मॉडेलची फाइल उघडायची, मॉडेल नंबर बदलायचा, झालं. मग नव्या मशीनला जो लिव्हरच नाही तो ओढायला सांगणारं मॅन्युअल छापून गिऱ्हाइकाकडे जातं.

आता त्यात एआयची भर पडली आहे. मसुदा त्याच्याकडून घ्यायला माझी हरकत नाही. पण तो ज्या सफाईने बरोबर पायरी लिहितो, त्याच सफाईने नसलेलं बटणही लिहितो. आणि वाक्य गुळगुळीत असलं की तपासणाऱ्याची नजरही घसरते. प्रत्येक पायरी मशीनवर स्वतः करून बघितल्याशिवाय, किंवा ऑपरेटर करत असताना शेजारी उभं राहिल्याशिवाय, मी मसुदा पुढे पाठवत नाही. ‘वेळ नव्हता’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. प्रेसच्या त्या एसओपीवर तीन सह्या होत्या, त्यातल्या एकानेही ती मशीनवर करून पाहिली नव्हती.

दुसऱ्याच्या हातात न देता पास करणं

तपासायला जुना, मुरलेला ऑपरेटर निवडू नका. तो कागद न वाचताच काम करतो आणि ‘मस्त आहे मॅडम’ म्हणतो. ज्याने ते मशीन कधी चालवलं नाही असा माणूस घ्या, जाणकार शेजारी उभा ठेवा, कागद हातात द्या आणि गप्प राहा. हे गप्प राहणंच सगळ्यात कठीण जातं. तो अडला की तोंडून ‘अहो, ते डावीकडचं’ निघतंच. ते बोलायचं नाही, कागदावर लिहायचं. जिथे तो पान मागे उलटतो, जिथे बोट ओळीवर थांबतं, जिथे मान वर करून तुमच्याकडे बघतो, तिथे खूण करा. व्याकरण तपासून यातलं काहीही सापडत नाही. जीव जाण्यासारखं काही त्याच्या हातून होतंय असं दिसलं तर मात्र लगेच थांबवा, आणि तो पूर्ण भाग नव्याने लिहा.

जुनी प्रत तशीच ठेवणं

प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख हवी, फक्त मुखपृष्ठावर नको, कारण पानं सुटी होतात. आणि नवी प्रत ईमेलने पाठवली म्हणजे बदलली असं धरू नका. मी नवी एसओपी घेऊन स्वतः शॉप फ्लोअरवर जाते, मशीनवरची जुनी काढते, टूल कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली काढते, सुपरवायझरच्या ड्रॉवरमधली झेरॉक्स मागून घेते आणि तिथेच फाडते. शिफ्ट बदलताना गेलं तर दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतात, आणि नेमका काय बदल झालाय ते एकाच वेळी सगळ्यांना सांगून होतं.