जँगोमध्ये एपीआयचे रूट लावताना

वाचनालयाचा एपीआय (इतर प्रोग्रॅमशी डेटाची देवाणघेवाण करणारा भाग) जँगो रेस्ट फ्रेमवर्कवर, म्हणजे पायथनच्या जँगोवर एपीआय बनवायच्या साधनावर, उभा करायचा आहे असं धरू. कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जातो हे सांगणारा नियम म्हणजे रूट. प्रोजेक्टच्या यूआरएल्स फाइलीत फक्त 'एपीआय/व्ही१/' आणि त्यापुढे इन्क्लूड (दुसऱ्या फाइलीतले रूट जोडणारं फंक्शन) लिहा. बाकीचे रूट ॲपच्या यूआरएल्स फाइलीत. इन्क्लूड जुळलेला तुकडा कापून उरलेला पत्ताच पुढे पाठवतो, म्हणून ॲपच्या फाइलीत 'एपीआय' पुन्हा लिहायचं नाही. रूटच्या सुरुवातीला स्लॅशही नको.

ॲपच्या फाइलीत डिफॉल्टराउटर (रूट आपोआप बनवणारा राउटर) बनवा, त्याच्या रजिस्टरला 'पुस्तके' हे नाव आणि मॉडेलव्ह्यूसेट (यादी, नोंद, बदल, खोडणं ही कामं एकत्र सांभाळणारा क्लास) द्या, मग राउटरचे यूआरएल्स यूआरएलपॅटर्न्समध्ये घ्या. '/एपीआय/व्ही१/पुस्तके/' वर गेट (वाचणं) आणि पोस्ट (नवीन नोंद) मिळतं. '/एपीआय/व्ही१/पुस्तके/७/' वर गेट, पुट आणि पॅच (बदल), डिलीट. रजिस्टर करताना नावाला स्लॅश जोडू नका, पत्त्यात दोन स्लॅश येतात. व्ह्यूसेटमध्ये क्वेरीसेट (कोणत्या नोंदी घ्यायच्या ते) लिहिलेला नसेल तर बेसनेम, म्हणजे रूटच्या नावांची सुरुवात, द्यावंच लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो शेवटचा स्लॅश. समजा मोबाइल ॲपने '/पुस्तके' वर स्लॅशशिवाय पोस्ट पाठवलं. डीबग चालू असेल तर जँगो रनटाइम एरर देऊन स्पष्ट सांगतो. प्रॉडक्शनवर मात्र तो ३०१ (स्लॅशवाल्या पत्त्यावर जा, असं उत्तर) पाठवतो, आणि बरेच क्लायंट तिथे पोस्टचं गेट करून टाकतात. डेटा वाटेत गळतो, उत्तर २०० (सगळं ठीक) येतं, सोबत पुस्तकांची यादीही येते, पण नवीन नोंद झालेलीच नसते! क्लायंटमध्ये सगळीकडे स्लॅश लावा, नाहीतर राउटरला 'ट्रेलिंग स्लॅश' फॉल्स द्या. दोन्हींची सरमिसळ नको.

रूट वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा घेतला जातो. 'पुस्तके/नवीन/' हा पाथ राउटरच्या खाली लिहिलात तर 'नवीन' हाच पुस्तकाचा आयडी समजला जातो. तो वर घ्या. त्याहून चांगलं म्हणजे व्ह्यूसेटमध्येच ॲक्शन डेकोरेटर (मेथडला स्वतःचा रूट देणारी खूण) वापरा, डिटेल फॉल्स ठेवून, म्हणजे आयडीशिवायचा रूट बनतो. मग क्रम राउटरच सांभाळतो.

४०४ (सापडलं नाही) आला की आधी उत्तर उघडून बघा. जेसनमध्ये 'डिटेल' आलं असेल तर रूट जुळलाय, नोंद सापडत नाही. एचटीएमएल पान आलं तर बहुधा रूटच जुळलेला नाही. ४०५ म्हणजे रूट बरोबर, ती मेथड तिथे नाही. खात्री करायची तर मॅनेज डॉट पाय शेल उघडा आणि जँगोच्या रिझॉल्व्ह फंक्शनला पूर्ण पत्ता द्या, सुरुवातीच्या स्लॅशसकट. कोणता व्ह्यू (उत्तर देणारा कोड) पकडला गेला ते तिथेच दिसतं.