पहाटे हात लावून बघा

आमच्या खुराड्यात नऊ कोंबड्या आहेत. त्यांतली काळी गेल्या कार्तिकात, भाताची झोडणी झाल्यावर, एकटीच पडवीच्या कोपऱ्यात मान ताणत उभी राहायला लागली. दाणे टाकले तरी चोच खाली जाईना. मी तिला काखेत घेतलं आणि मानेच्या बुडाशी, छातीवर तिच्या उजव्या अंगाला चाचपलं. चाऱ्याची पिशवी तिथेच असते. हाताला मळून ठेवलेल्या पिठाचा घट्ट गोळा लागला.

ही पिशवी संध्याकाळी भरलेली असणारच, त्यावरून काही ठरवू नका. रात्रभरात दाणे पुढे पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटात, जातात. म्हणून तपासायचं ते पहाटे, दार उघडून दाणे टाकायच्या आधी. तेव्हा ती रिकामी, सैल लागली पाहिजे. काळीची भरलेली होती, म्हणजे पेंढ्याचे लांब तुकडे आत गुंतून बसले होते. लांब गवत, सुतळी, प्लॅस्टिक यांनीही हेच होतं.

तिला डालग्याखाली वेगळी ठेवली. दाणा बंद, पाणी मात्र समोर हवंच. कोमट खोबरेल तेल सुई काढलेल्या सिरिंजमध्ये दोन मिली घेतलं आणि चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडला. तिने गिळला की पुढचा. घाई करून घशात पिचकारी मारू नका. जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, तेल तिकडे गेलं तर संपलं. मग बोटांनी गोळा हलक्या हाताने चोळायचा, जिलबीचं पीठ फेटतो तसा नाही, गळू चाचपतो तसा. पाच-सात मिनिटं, दिवसातून चार वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा निम्मा झाला होता, तिसऱ्या दिवशी पिशवी रिकामी.

पिशवी कडक न लागता पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळली आणि चोचीला आंबोळीचं पीठ तीन दिवस विसरल्यासारखा वास आला, तर दुखणं वेगळं. आत बुरशी वाढलेली असते, बऱ्याचदा अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर. इथे तेल-चोळणं पुरत नाही. निस्टॅटिनसारखं बुरशीचं औषध लागतं आणि त्याचं माप कोंबडीच्या वजनावर, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कुणी मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात टाकायला सांगेल. अंदाजाने टाकलेला मोरचूद विषच.

पहिल्या वर्षी अशाच एका तांबडीला मी उलटी धरून आतलं पाणी काढायला गेले. थोडं निघालं, बाकीचं श्वासनळीत उतरलं आणि ती माझ्या हातातच गेली. तेव्हापासून कुणी "उलटी कर, मोकळी होईल" म्हटलं की मी तिथून उठते.

शेजारच्या काकींचा सल्ला ब्लेडचा: पिशवी चिरायची, घाण काढायची, शिवणकामाच्या दोऱ्याने टाके घालायचे. त्यांच्या दोन कोंबड्या त्यातून वाचल्याही आहेत. पण भूल न देता, घरच्या ब्लेडने हे करायला माझं मन होत नाही. दोन दिवसांत गोळा हलला नाही तर चिरायचं काम डॉक्टरांचं.

आणि एकाच वेळी दोन-तीन कोंबड्यांच्या पिशव्या भरलेल्या राहिल्या, विष्ठा हिरवी पाण्यासारखी झाली, माना वाकड्या व्हायला लागल्या, तर पिशवीच्या मागे लागूच नका. ती मानमोडी, म्हणजे राणीखेतची साथ, असू शकते. आजारी वेगळ्या करा, खुराड्यातलं काहीही बाहेर देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

काळीला चौथ्या दिवशी भिजवलेल्या भाताची पेज दिली, मूठभरच, दोन वेळा. आठवड्याने दाणे. सोबत नदीच्या वाळूतले बारीक खडे एका करवंटीत ठेवले. आमच्याकडे तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून टाकतात. अंड्याच्या कवचाला त्या चांगल्या, पण पोटात विरघळतात, दळायला खडेच लागतात. पेंढा आता मी खुराड्यात अंथरत नाही, भाताचं तूस घालते.

बरी झालेली कोंबडी परत सोडताना ती दिवसा सोडू नका, बाकीच्या टोचून हैराण करतात. रात्री अंधारात दांडीवर हळूच बसवा. सकाळी उठल्यावर ती इथलीच असल्यासारखी सगळ्या वागतात.