लीजची गाडी परत देण्याआधी टायर बदलताना

चोर्ला घाटाची वळणं घेणाऱ्या बेळगावच्या गाड्यांचे पुढचे टायर आधी गोटे होतात. लीज संपत आली की आधी करारातलं टायरचं कलम वाचा. टायरच्या खाचांची कायद्याने किमान खोली 1.6 मिमी, करारात जास्तही असू शकते. डेप्थ गेज (खाचेची खोली मोजायची पट्टी) आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तिन्ही ठिकाणी लावा. आतली कड हमखास नजरेतून सुटते. ती एकटीच खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) बिघडलंय. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. कारण न काढता नवे टायर घातले तर पैसे पाण्यात.

एका अ‍ॅक्सलचे (म्हणजे पुढचे किंवा मागचे) दोन्ही टायर एकदमच बदला. साइज, लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा), स्पीड रेटिंग (किती वेग सोसतो ते शेवटचं अक्षर) मूळ टायरप्रमाणेच: 185/65 आर15 88एच असेल तर 88टी घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. बनवल्याची तारीख बघा: साइडवॉलवर 1825 म्हणजे 2025 चा 18वा आठवडा. नवी जोडी मागे घाला, मागची पुढे आणा. ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली तर गाडी सावरत नाही. व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट, त्याचा प्रिंट मागून घ्या. बिलावर गाडीचा नंबर हवाच. स्टेपनी, जॅक आणि पानाही तपासा.