कावी भिंतीवरून साडी-ब्लाउज जुळवताना

चित्रावरून पोशाख करायचा म्हटलं की त्यातले सगळेच रंग अंगावर येतात आणि चित्र कुठेच दिसत नाही. गोव्यातल्या जुन्या देवळांवरच्या कावी चित्रांवरून (चुना आणि काव म्हणजे तांबडी माती यांनी भिंतीवर केलेल्या नक्षीवरून) साडी जुळवताना मला हे उपयोगी पडलं:

१. भिंतीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. पिवळ्या दिव्याखाली कावेचा तांबडा केशरी दिसतो.

२. डोळे किलकिले करून फोटो बघा. नक्षी पुसट होते, रंगांचं प्रमाण उरतं. कावीत रंग दोनच, चुन्याचा पांढरा आणि तांबड्या मातीचा. जो जास्त दिसेल तो साडीला, दुसरा ब्लाउजला. तिसरा रंग घेऊच नका, सोनेरी काठसुद्धा नको. मोह होतो, पण कावीचं सगळं देखणेपण या दोन रंगांतच आहे.

३. वेलबुट्टी एकाच जागी, पदरावर किंवा बाहीवर.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कापड घेताना ते दुकानाबाहेर उन्हात आणून फोटोशी ताडून बघा.

शिवायला देण्याआधी तांबड्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा. डाग उठला तर ते दोन-तीनदा वेगळं धुवून घ्या, नाहीतर घामानेच पांढरी साडी गुलाबी होईल.