दुकानात प्रोग्राम बसवायला निघण्याआधी

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तेवढ्यात बिलिंगच्या स्क्रीनवर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ उमटलं, की काउंटरवरचा मुलगा सरळ कॉम्प्युटर बंद करतो. त्याचं काय चुकलं? बिल सेव्ह झालं की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. तेव्हा आपल्या प्रोग्रामच्या प्रत्येक एरर मेसेजची पहिली ओळ तीच ठेव, मराठीत. एरर कोड, वेळ आणि फाइलचा पाथ लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, जाऊ दे.

आपली एसक्यूलाइटची, म्हणजे एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची, फाइल आहे; तिचे एरर कोड एकाच कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) कोंबू नकोस. ५ म्हणजे बिझी, दुसऱ्या कनेक्शनने फाइल धरलीय. बिझी टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, ५ सेकंद दे, तरी नाही सुटली तरच बोल. पण वाचत असलेलं ट्रान्झॅक्शन (डेटाबेसवरच्या कामांचा एक सलग गट) मध्येच लिहायला गेलं, तर टाइमआउट न पाळताच हा एरर येऊ शकतो. बिल लिहिताना म्हणून सुरुवातच ‘बिगिन इमिजिएट’ने कर, म्हणजे लिहायचा हक्क आधीच मिळतो. १३ म्हणजे डिस्क भरली. १४ म्हणजे फाइल उघडता आली नाही, तेव्हा फोल्डरची परवानगीही बघ. ११ किंवा २६ आला, म्हणजे फाइल खराब किंवा डेटाबेसच नाही, तर पुन्हा प्रयत्न नको. लिहिणं थांबव आणि ती फाइल डब्ल्यूएएल फाइलसकट (मुख्य फाइलीत अजून न गेलेले ताजे बदल जिच्यात असतात) बाजूला कॉपी कर. नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तर शेवटची बिलं मागेच राहू शकतात.

एक फसवा प्रकार: पाथ चुकला तर एसक्यूलाइट निमूट नवी रिकामी फाइल बनवतं आणि मग ‘टेबल नाही’ म्हणून ओरडतं. ‘क्रिएट’चा, म्हणजे नसलेली फाइल बनवायचा, फ्लॅग काढूनच फाइल उघड.

हे सगळं ऑफिसातच मुद्दाम घडवून बघ. छोटा पेनड्राइव्ह गच्च भर, दुसऱ्या विंडोत ट्रान्झॅक्शन उघडं सोड, साध्या मजकुराच्या फाइलला डेटाबेसचं नाव दे. बिल सेव्ह होताना प्लगही उपट. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा बिचाऱ्या यूपीएसवर किती भिस्त ठेवणार? मग इंटेग्रिटी चेक, म्हणजे फाइल धड आहे का याची एसक्यूलाइटची तपासणी, चालव, ‘ओके’ आलं पाहिजे.

दुकानात छापील बिलबुक आहे का, तेही विचार. नसेल तर चौकातच मिळेल, एक काउंटरखाली ठेवून ये.