पॉलिसीचा परिणाम मोजताय? रिग्रेशन रन करायच्या आधी या चुका टाळा

दरवर्षी सबमिशन जवळ आलं की माझ्याकडे एमए-पीएचडीच्या पोरापोरींच्या स्टाटाच्या (आकडेवारी तपासायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली येऊन पडतात, सोबत एकच ओळ, "दादा जरा बघा ना, कोएफिशियंट उलटा येतोय". म्हणजे रिग्रेशन (आकड्यांतून एका गोष्टीचा दुसरीवरचा परिणाम काढायची पद्धत) परिणामाचा जो आकडा देतं, तो अपेक्षेच्या उलट चिन्हाचा येतोय. कमांड बहुतेक वेळा बरोबरच असते हो. गडबड असते ती त्याच्या आधी, म्हणजे तुलना कुणाची कुणाशी चाललीय हेच धड ठरवलेलं नसतं.

सगळ्यात कॉमन चूक, आधी आणि नंतर. जलयुक्त शिवार घ्या. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं मराठवाड्यात पावसाने दगा दिला, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच वर्षी पावसाळा चांगला झाला. आता २०१५ आणि २०१६ च्या विहिरींची पातळी शेजारीशेजारी ठेवून "योजनेमुळे पाणी वाढलं" म्हटलं तर श्रेय बंधाऱ्याला द्यायचं की ढगाला? योजना फेल गेली असं मी म्हणत नाहीये, या आकड्यांवरून दोन्ही बाजूंनी काहीच म्हणता येत नाही एवढंच. तेवढाच पाऊस झालेली पण योजनेत नसलेली गावं शोधा, आणि योजनेतली गावं मुळात कशी निवडली तेही विचारा, कारण टंचाईचीच गावं आधी घेतली असतील तर तुलना परत वाकडी.

मग पोरं डिफ-इन-डिफकडे (योजना मिळालेल्यांतला आधी-नंतरचा बदल वजा न मिळालेल्यांतला तोच बदल) वळतात आणि खरी मजा इथे सुरू होते. सगळ्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे मनरेगा, कारण ती टप्प्याटप्प्याने आली: फेब्रुवारी २००६ मध्ये देशातले २०० जिल्हे, २००७ मध्ये आणखी १३०, आणि १ एप्रिल २००८ पासून उरलेले सगळे ग्रामीण जिल्हे. पहिले जिल्हे ट्रीटमेंट (योजना मिळालेले), शेवटचे कंट्रोल (तुलनेसाठी, योजना न मिळालेले), एनएसएसचा (सरकारी नमुना सर्वेक्षणाचा) २००४-०५ चा राउंड आधीचा, २००७-०८ चा नंतरचा, झालं काम. पण थांबा. २००७-०८ चा ६४ वा राउंड जुलै २००७ ते जून २००८ असा चालला. म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये ज्यांची मुलाखत झाली त्या "कंट्रोल" जिल्ह्यांत योजना तोवर पोचली होती! वर्षाच्या कॉलमवरून ट्रीटमेंटचा ०/१ (योजना नाही/आहे) भरला की हे दिसतच नाही, मुलाखतीची तारीख किंवा निदान सबराउंड (राउंडमधला तीन महिन्यांचा भाग) बघावा लागतो. शिवाय रोहयोची कामं मुख्यतः उन्हाळ्यात, शेतात काम नसतं तेव्हा निघतात, म्हणजे नेमके जे महिने महत्त्वाचे तेच खराब.

आणि महाराष्ट्रात तर अजून एक पाचर आहे. आपल्याकडे रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळापासूनची, तिचा कायदा १९७७ चा. मग पहिल्या टप्प्यातल्या गडचिरोली, नंदुरबार, यवतमाळची तुलना शेवटच्या टप्प्यातल्या जिल्ह्यांशी केली तर कंट्रोललाही जुनं औषध आधीपासून चालूच होतं. इथे जो फरक येईल तो "रोहयो असणं विरुद्ध नसणं" असा नाहीये, "केंद्राची नवी विरुद्ध राज्याची जुनी" असा आहे. फरक शून्याजवळ आला म्हणून एकाने "मनरेगाचा परिणाम नाही" असं ठोकून दिलं होतं, थीसिसमध्ये, बोल्डमध्ये.

पहिले जिल्हे मागास म्हणून निवडले होते यावर व्हायव्हात हमखास प्रश्न येतो. मागास असणं हा प्रॉब्लेम नाही, तो फरक वजाबाकीत जातो. प्रॉब्लेम तेव्हा, जेव्हा ते जिल्हे आधीपासून वेगळ्या वेगाने पुढे (किंवा मागे) सरकत असतात. त्यामुळे १९९९-२००० चा राउंडसुद्धा घ्या आणि योजना नसतानाच्या त्या दोन राउंडमध्ये हेच रिग्रेशन चालवा, तिथेही "परिणाम" आला तर समजून जा. अजून एक, टप्प्याटप्प्याच्या योजनेत सरळ जिल्हा आणि वर्षाचे फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक जिल्ह्याचा आणि वर्षाचा आपापला ठरलेला फरक वजा करणारे) टाकले की सॉफ्टवेअर गुपचूप आधी आलेल्या जिल्ह्यांनाच उशिरा आलेल्यांचं कंट्रोल बनवतं, परिणाम वर्षागणिक वाढत असेल तर चिन्हसुद्धा उलटू शकतं. गुडमन-बेकनचा २०२१ चा पेपर यावरच आहे, कॅलवे-सँटअ‍ॅनाची पद्धत वापरा, ती ही चुकीची तुलना टाळते, स्टाटात तयार कमांड आहे.

स्टँडर्ड एररबद्दल (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगणारा आकडा) भांडण नको. हजारो घरं असली तरी योजना जिल्ह्याला मिळते, घराला नाही, म्हणून क्लस्टर जिल्ह्यावरच, म्हणजे एका जिल्ह्यातली घरं एक गठ्ठा धरून एरर मोजायचा. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांना खोटे कायदे वाटून बघितले, जे कधी झालेच नाहीत असे, तरी साध्या पद्धतीने ४५ टक्क्यांपर्यंत वेळा "परिणाम" सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग वाटणार नाही असा) आला, यायला हवा होता ५ टक्के. महाराष्ट्रापुरतं केलं तर तेव्हाचे ग्रामीण जिल्हे ३३, पहिल्या टप्प्यात फक्त १२. एवढ्यात साधं क्लस्टरिंगही कमी पडतं, वाइल्ड बूटस्ट्रॅप (गठ्ठे थोडे असताना आकडे पुन्हापुन्हा हलवून तपासायची पद्धत) करा.

कटऑफवाल्यांसाठी (ठरावीक रेषेच्या वर असेल तरच योजना मिळते, अशा योजना तपासणाऱ्यांसाठी) थोडक्यात. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत १००० आणि ५०० लोकसंख्येच्या रेषा होत्या, रेषेच्या जरा वर आणि जरा खालच्या वस्त्यांची तुलना करायची, छान कल्पना. फक्त योजनेच्या कागदावरची लोकसंख्या घेऊ नका, कारण रस्ता हवा असला की आकडा रेषेच्या वर सरकतो. अ‍ॅशर आणि नोवोसाद या संशोधकांना असे सरकवलेले आकडे दिसले म्हणून त्यांनी २००१ च्या जनगणनेची लोकसंख्या वापरली. आधी हिस्टोग्राम (किती लोकसंख्येच्या किती वस्त्या ते दाखवणारा आलेख) काढा, रेषेच्या लगेच पुढे ढीग दिसला तर पुढचं सगळं व्यर्थ.

आणि कंट्रोल व्हेरिएबल (कंट्रोल जिल्हे नव्हेत, बाकीचे फरक बाजूला काढायला रिग्रेशनमध्ये टाकतात त्या गोष्टी) म्हणजे भेळ नव्हे, दिसेल ते टाकायला. योजनेमुळेच बदललेली गोष्ट, उदाहरणार्थ स्थलांतर, कंट्रोल म्हणून टाकली की योजनेचा अर्धा परिणाम तीच गिळते.

चांगलं काम कसं दिसतं ते बघायचं तर बिहारची सायकल योजना बघा. २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सुरुवातीला २००० रुपये मिळायचे. त्याच काळात बिहारमध्ये रस्ते, कायदा-सुव्यवस्था, सगळंच बदलत होतं, म्हणून मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी मुलींची तुलना तिथल्याच मुलांशी केली, आणि तो फरक शेजारच्या झारखंडमधल्या मुली-मुलांच्या फरकाशी. त्यावरही न थांबता बघितलं की वाढ नेमकी कुठे आहे, तर हायस्कूल ३ किलोमीटर किंवा जास्त लांब असलेल्या गावांत, म्हणजे जिथे सायकलीचा खरंच उपयोग होणार तिथे. हे अंतराचं टेबल मला मुख्य कोएफिशियंटपेक्षा जास्त पटतं.

आणि हो, चिन्ह उलटं आलं म्हणून फाइल पाठवण्याआधी ट्रीटमेंटचा कॉलम जिल्ह्यानुसार एकदा टॅब करून (मोजणीचा तक्ता काढून) बघा. गेल्या वेळी दोन रात्री डोकं फोडल्यावर कळलं की एकीने कंट्रोलला १ दिला होता.