परदेशातून रेकॉर्ड प्लेअर आणताना या चुका टाळा

न्यू जर्सीला मुलीकडे गेलो होतो. शेजारच्या गल्लीत एका आजोबांनी गॅरेजपुढे जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्यातला बेल्टवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर २० डॉलरला उचलला. तिथं झकास वाजला. दारव्ह्याजवळ आमच्या गावी आणला, २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला आणि भजनी मंडळाला मोठ्या कौतुकानं बोलावलं. दोन ओळी झाल्या नसतील, तोच पेटीवाले म्हणाले, "मास्तर, ही बाई काळी चारची, अन् गाऊन राह्यली पांढरी चारात. आजारी हाय का?"

मी व्होल्ट पाहिले होते, हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात ते, पाहिलेच नव्हते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. बऱ्याच जुन्या प्लेअरमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असते आणि ती हर्ट्झच्या हिशेबानंच फिरते. तिकडे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी इथं २७.८ वर येते आणि सूर पेटीच्या जवळपास तीन पट्ट्या उतरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झला हातही लावत नाही.

म्हणून दुकानात आधी मशीन उलटं करून मागची पट्टी वाचा. '५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असलं तरी पुली (मोटरवरचं, बेल्ट फिरवणारं चाक) बदलावी लागते का, ते विचारा. डीसी मोटरचा किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणारा) प्लेअर असेल तर वेगाची काळजी नाही, फक्त व्होल्टचं बघायचं. जपानची गंमत वेगळीच: व्होल्ट सगळीकडे १००, पण टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. त्यामुळे तिकडच्या कित्येक जुन्या प्लेअरसोबत दोन्हींसाठीची पुली असते. ती डब्यात आहे का, एवढं बघा. युरोपातली वीज आपल्यासारखीच, तिथं प्लगच्या पिनेपुरता प्रश्न.

फसलाच असाल तर उपाय आहे. मोटरवरची पुली १.२ पट व्यासाची लागते. मी यवतमाळच्या लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली. पहिली केसभर तिरकी होती, गाणं झोक्यावर बसल्यासारखं वरखाली व्हायचं. दुसरी जमली. वेग तपासायला स्ट्रोब चकती ठेवा (तिच्यावर रेघा असतात, वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात त्या थांबल्यासारख्या दिसतात), पण ५० हर्ट्झची, म्हणजे ३३⅓ साठी १८० रेघांची. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती इथं खोटं बोलते. उजेड साध्या पिवळ्या बल्बचा घ्या. बऱ्याच एलईडीखाली रेघा थांबल्यासारख्या दिसतच नाहीत.

विमानतळावर मिळणारे हलके, स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नका. त्यातले बरेचसे हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. गुंडाळीचा, जडच ट्रान्सफॉर्मर हवा, आणि सोबत आणलेल्या अँप्लिफायरच्या (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) मागे लिहिलेल्या वॉटच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा. आपल्याकडे त्याच्या आधी स्टॅबिलायझर. हरभऱ्याच्या ओलिताला डीपीवरचे सगळे पंप सुरू झाले की घरात १८० व्होल्ट येतात, मग ट्रान्सफॉर्मरमधून १२० च्या जागी ९४ च निघतात. पंप बंद झाले की उलटा झटका.

स्पीकर आणूच नका, असं माझं मत. वजन, मोडतोड, आणि जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होतो.

रेकॉर्ड घेताना तिकडची प्रतवारी समजून घ्या. 'गुड' म्हणजे चांगली असं वाटतं ना? ती जवळजवळ तळाची पायरी आहे, खरखर गृहीत धरा. ऐकायला घ्यायची तर 'व्हेरी गुड प्लस'च्या खाली उतरू नका. तबकडी डोळ्यासमोर आडवी धरून वाकलेली आहे का बघा. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या मोहात पाडतात, पण त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते आणि त्या बशीसारख्या फुटतात. आणखी एक: तिकडे चढ्या भावानं विकल्या जाणाऱ्या हिंदी-मराठी एलपींपैकी बऱ्याच कोलकात्याच्या दमदममध्येच छापलेल्या असतात. त्या इथं शोधा.

एलपी कव्हरसकट पाव किलोची धरा, २० घेतल्या की ५ किलो. मुंबईला उतरून नागपूरचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर तिथं बहुतेक वेळा १५ किलोचाच हिशेब लागतो. मी सरळ विदर्भ एक्सप्रेस धरली. कस्टमही मुंबईतच होतं. सवलतीची मर्यादा बदलत असते, निघायच्या आठवड्यात तपासा, आणि गॅरेजवाल्याकडूनही चिठ्ठीवर किंमत, तारीख, सही घ्या. प्लेअर बांधताना सुई काढून खिशात, आर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) मागचं वजन आणि तबकडीची थाळी सुटी, आर्म बांधलेला. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, आतल्या पिशवीसकट ठेवा, नाही तर धक्क्यानं कव्हरची शिवण फाटते.

घरी आल्यावर दोन शत्रू. पहिला मे महिना: उभ्या गाडीत किंवा टिनाखालच्या माळ्यावर रेकॉर्ड तासाभरात पापडासारखी वाकते. आतल्या खोलीत, जमिनीलगत, उभ्या ठेवा. दुसरा कापूस. भाव वाढेल म्हणून आम्ही मार्चपर्यंत घरातच भरून ठेवतो, आणि त्याचे तंतू सुईवर गोळा होतात. आवाज अचानक गुदमरल्यासारखा झाला तर मशीन उघडू नका, आधी सुईचं टोक मऊ ब्रशनं मागून पुढे झाडा. मी एकदा अख्खा अँप्लिफायर खोलून बसलो होतो. बायकोनं चष्मा लावून सुईकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, इथं वात वळून राह्यली."